लॉटरी लागल्यानंतरचे सहा महिने

मार्च संपत आला की सांगलीच्या विश्रामबागेत, कराडच्या विद्यानगरात, साताऱ्याच्या पेठांमध्ये आणि वाळव्या-पलूसकडच्या वाड्यावस्त्यांवरही काही घरांचा जीव फोनमध्ये अडकलेला असतो. मुलगा किंवा मुलगी टेक्सासमध्ये नाहीतर न्यू जर्सीत एमएस करून नोकरीला लागलेली असते आणि कंपनीने तिचे नाव एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत घातलेले असते. महिनाअखेरपर्यंत निकाल येतो. घरच्या ग्रुपवर ‘लागला!’ एवढाच निरोप पडतो आणि पेढे येतात, पाहुण्यांना फोन जातात, लग्नाच्या बायोडाट्यात एक नवी ओळ चढते. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र त्या दिवशी मुलाच्या हातात व्हिसा नसतो. व्हिसासाठी अर्ज करायची परवानगी तेवढी मिळालेली असते आणि तीही त्याला नव्हे, त्याच्या कंपनीला.

आपल्या भागातल्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळेल. कारखान्याकडे उसाची नोंद झाली म्हणजे तोड आली असे कोणी शेतकरी मानत नाही. नोंदीनंतर टोळी यायची असते, ऊस काट्यावर जायचा असतो, बिल खात्यावर पडायचे असते. लॉटरीतली निवड ही नोंद आहे. एप्रिल ते ऑक्टोबर हा पुढचा काळ खरा कसोटीचा असतो आणि नेमकी त्याच काळाची माहिती घरोघरी अपुरी असते.

परदेशी जाण्याची वाट सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांना नवी नाही. किर्लोस्करवाडीचे शंतनुराव किर्लोस्कर १९२२ साली अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. शिकायला जाता येत होते, पण भारतीयाने तिथे स्थायिक होणे जवळजवळ अशक्य होते. १९१७ च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना बंदी होती आणि १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला होता. १९४६ साली दार किलकिले झाले तेव्हा सगळ्या भारताला मिळून वर्षाला १०० जागा ठरल्या. आज एच-वन-बीची जी व्यवस्था आहे ती १९९० च्या कायद्याची. दरम्यान सांगलीत १९४७ साली आजच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुरुवात झाली, कराडला १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, राजारामनगरला १९८३ मध्ये राजारामबापू इन्स्टिट्यूट उभे राहिले. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळायला देशभर पांगले होतेच. शेतकऱ्याची आणि गलाईवाल्याची पुढची पिढी इंजिनिअर होऊन समुद्रापार गेली.

एच-वन-बीच्या वर्षाला ६५ हजार जागा असतात. त्यातल्या ६,८०० चिली आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी बाजूला ठेवलेल्या. अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था यांतल्या नोकऱ्यांना ही मर्यादा लागू नाही, त्यामुळे पीएचडीनंतर विद्यापीठातच संशोधन करणाऱ्याला लॉटरीची वाट पाहावी लागत नाही. बाकी सगळ्यांसाठी सोडत. ती पहिल्यांदा घ्यावी लागली एप्रिल २००७ मध्ये, कारण पहिल्या दोनच दिवसांत जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज येऊन पडले. तेव्हा कंपन्या कागदांचे अख्खे गठ्ठे पाठवायच्या आणि नंबर न लागलेले गठ्ठे शुल्कासह परत यायचे. २०२० पासून आधी फक्त ऑनलाइन नोंदणी होते, निवड होते आणि निवड झालेल्यांनीच पूर्ण अर्ज भरायचा असतो. नोंदणीचे शुल्क सुरुवातीला १० डॉलर होते. २०२५ पासून ते २१५ डॉलर आहे.

मार्च २०२५ मध्ये पात्र नोंदण्या होत्या ३,४३,९८१ आणि त्यातून निवडल्या गेल्या १,२०,१४१. जागा मात्र ८५ हजारच. मग जागांपेक्षा जास्त लोक का निवडले? निवड झालेल्यांपैकी बरेच जण शेवटपर्यंत पोहोचत नाहीत, हे अमेरिकी सरकारला अनुभवाने ठाऊक आहे. कोणाची कंपनी विचार बदलते, कोणाची नोकरी जाते, कोणाचा अर्ज नामंजूर होतो, काही अर्ज दाखलच होत नाहीत. ही गळती धरूनच निवड केली जाते. पेढे वाटणाऱ्या घराने एवढी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी.

निकाल उमेदवाराला थेट येत नाही. कंपनीच्या किंवा तिच्या वकिलाच्या ऑनलाइन खात्यात नोंदणीपुढे ‘निवड’ असा शेरा दिसतो आणि एक सूचनापत्र तयार होते. त्यावर उमेदवाराचे नाव, जन्मतारीख आणि अर्ज कोणत्या तारखांच्या दरम्यान दाखल करायचा ते छापलेले असते. ही मुदत किमान ९० दिवसांची, म्हणजे साधारण १ एप्रिल ते ३० जून. मुदत हुकली तर निवड वाया जाते, त्यावर अपील नाही. म्हणून निवड कळताच मुलाने वकिलाकडून त्या सूचनापत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरच्या नावाचे एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावे.

पहिला टप्पा कामगार खात्याचा. कंपनीला तिथे ‘एलसीए’ नावाचा अर्ज करावा लागतो. या जागेला, या शहरात चालू असलेला पगार आम्ही देऊ, या माणसामुळे इथल्या कामगारांच्या कामाच्या अटी बिघडणार नाहीत, अशी ती लेखी हमी असते. सात कामाच्या दिवसांत त्यावर निर्णय येतो. घरून काम करणाऱ्याच्या अर्जात घरचा पत्ता कामाचे ठिकाण म्हणून येतो, त्यामुळे दुसऱ्या शहरात राहायला जायचा बेत असेल तर तो वकिलाला आधी सांगितलेला बरा. पगाराच्या चार पायऱ्या असतात. २७ फेब्रुवारी २०२६ पासून अमलात आलेल्या नियमाने या पायऱ्यांना मोठे वजन आले आहे. आता सोडतीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या नाहीत. चौथ्या पायरीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, तिसरीला तीन, दुसरीला दोन आणि नवख्याच्या पहिल्या पायरीला एक. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांना हा नियम जड जाणार हे उघड आहे. निवड झाल्यानंतरही त्याचा संबंध संपत नाही. नोंदणीत जी पायरी, जे काम, जे ठिकाण दाखवले तेच मुख्य अर्जात दिसावे लागते. चिठ्ठ्या वाढवण्यासाठी पायरी फुगवून दाखवली असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

मग मुख्य अर्ज, आय-१२९. तो कंपनी करते आणि त्याचा खर्च कंपनीचा असतो. मोठ्या कंपनीला मूळ शुल्क ७८० डॉलर, प्रशिक्षण निधीचे १,५००, फसवणूक-प्रतिबंधाचे ५०० आणि वर आणखी ६०० असे भरावे लागतात. प्रशिक्षण निधीचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेणे कायद्यानेच मना आहे. बाकीच्या खर्चाची वजावट करून पगार ठरलेल्या पातळीच्या खाली आणता येत नाही. त्यामुळे ‘एच-वन करून देतो, एवढे लाख भरा’ असे म्हणणारा माणूस पुण्यातला असो की न्यू जर्सीतला, तो बेकायदा बोलतो आहे. काम मिळेपर्यंत बिनपगारी बसवून ठेवणे, ज्याला मुले ‘बेंचवर बसणे’ म्हणतात, तेही बेकायदाच. गावाकडे जमीन तारण ठेवून असल्या मध्यस्थाला पैसे देणारे आईबाप आहेत आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते याचे.

अर्ज पोहोचला की पावती येते. तीन अक्षरे आणि दहा अंक असा तिचा क्रमांक असतो, त्यावरून अर्जाची स्थिती कोणालाही ऑनलाइन पाहता येते. जादा शुल्क भरले तर १५ कामाच्या दिवसांत उत्तर मिळते, नाहीतर काही महिने जातात. उत्तर म्हणजे मंजुरीच असे नाही. अनेकदा अधिकारी आणखी पुरावे मागतात. त्याला मुले ‘आरएफई आला’ म्हणतात आणि घरी ते ऐकून धसका घेतात. धसका घेण्याचे कारण नाही. उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. प्रश्न साधारणपणे एकाच धाटणीचे असतात: या कामाला विशिष्ट विषयाची पदवी खरोखर लागते का आणि या माणसाकडे ती आहे का? आपल्याकडून मेकॅनिकल किंवा सिव्हिल इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या मुलांना हा प्रश्न हमखास अडतो. अशा वेळी एमएसचे विषय, आधीच्या कामाचे अनुभवपत्र, वरिष्ठाने कामाचे तपशील लिहून दिलेले पत्र उपयोगी पडते. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्यांची अडचण वेगळी. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची. कमी पडलेल्या एका वर्षासाठी त्या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव दाखवण्याची सोय नियमात आहे, पण अनुभवपत्रात कामाचे स्वरूप आणि तारखा स्पष्ट असाव्या लागतात.

कागदपत्रांची खरी गंमत नावात आहे आणि इथे आपल्या भागाने फार जपून असले पाहिजे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, बाकी नाव वेगळ्या. शाळेच्या दाखल्यात वडील ‘विलास’, आधार कार्डावर ‘विलासराव’, सातबाऱ्यावर आणखी काही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘एच’ कुठे जास्त, कुठे कमी. एवढ्याने व्हिसा नाकारला जातोच असे नाही, पण चौकशी वाढते आणि वेळ जातो. लग्नानंतर मुलीचे आडनावच काय, काही घरांत पहिले नावही बदलते. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरेच स्पेलिंग, असे झाले की नवऱ्याबरोबर जाण्याचा तिचा एच-फोर व्हिसा रेंगाळतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. अर्ज भरताना दोघांचे पासपोर्ट समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग लिहावे. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून वाचावा. दुरुस्ती त्या दिवशी सोपी असते, परदेशातून करायची म्हटली की महिने लागतात.

पदवीचेही तसेच. सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. बऱ्याच जणांची पदवी तिथली, काहींची लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. नोकरीच्या घाईत पदवीचे मूळ प्रमाणपत्र न उचलता तात्पुरत्या दाखल्यावर दिवस काढणारे खूप आहेत. निवड झाल्यावर आई-वडिलांना कोल्हापूरला धाडण्यापेक्षा ते आधीच आणून ठेवावे. प्रत्येक सत्राची गुणपत्रिकाही जपावी.

पासपोर्टचा एक नियम तर फारच थोड्यांना माहीत असतो. २०२४ च्या सोडतीपासून निवड कंपनीच्या नोंदणीवर होत नाही, माणसावर होते आणि माणूस ओळखला जातो पासपोर्ट क्रमांकावरून. आधी एकाच मुलाची चार-पाच कंपन्यांतून नावे घालून संधी वाढवण्याचा प्रकार बोकाळला होता. २०२३ मध्ये नोंदण्या ७ लाख ८० हजारांवर गेल्या त्या याच कारणाने. आता कितीही कंपन्यांनी नाव घातले तरी माणूस एकच धरला जातो. त्यामुळे नोंदणीच्या वेळी जो पासपोर्ट दाखवला त्याचाच क्रमांक पुढे जुळावा लागतो. मध्येच नूतनीकरण झाले तर जुना पासपोर्ट जपून ठेवावा आणि बदलाचा खुलासा अर्जासोबत द्यावा. पासपोर्टची मुदत पाहण्याचे आणखी एक कारण आहे. व्हिसा तीन वर्षांचा असला तरी विमानतळावरचा अधिकारी राहण्याची मुदत, म्हणजे आय-९४, पासपोर्ट संपेल त्याच तारखेपर्यंत देऊ शकतो. ती तारीख न पाहता निर्धास्त राहिलेली माणसे नकळत बेकायदा ठरली आहेत. पासपोर्टला चार वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर नोंदणीच्या आधीच नूतनीकरण करणे शहाणपणाचे.

अर्ज मंजूर झाल्यावर दोन रस्ते फुटतात. मुलगा अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावर असेल तर त्याचा दर्जा तिथल्या तिथे बदलून घेता येतो. शिक्षणानंतर त्याला कामाची १२ महिने परवानगी असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने. म्हणजे साधारण तीन सोडती वाट्याला येतात. दर्जा-बदलाचा अर्ज वेळेत गेला आणि मधे कामाची परवानगी संपली, तरी नव्या नियमाने ती पुढच्या १ एप्रिलपर्यंत चालू राहू शकते. नवा दर्जा १ ऑक्टोबरपासून लागू होतो. मुलगा भारतात असेल तर दुसरा रस्ता, मुंबईच्या वकिलातीचा.

हे दोन रस्ते आधीही होते. सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यातले अंतर जमीन-अस्मानाचे झाले आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९ सप्टेंबर २०२५ ला काढलेल्या आदेशाने, देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-वन-बी अर्ज करायचा तर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतील असे ठरले. रुपयांत ही रक्कम तेव्हाच्या दराने ८०-९० लाखांच्या घरात जात होती. आदेश २१ सप्टेंबर २०२५ पासून १२ महिन्यांसाठी काढलेला आहे आणि त्यावर तिथल्या न्यायालयांत दावे चालू झाले. ऑक्टोबरमध्ये निघालेल्या खुलाशात एक दिलासा आला: अमेरिकेत राहून दर्जा बदलून घेणाऱ्याला ही रक्कम लागू नाही. पण त्यातच एक अट आहे, आणि ती आपल्या घरांनी अधोरेखित करून ठेवावी. दर्जा-बदलाच्या अर्जावर निर्णय होण्याआधी मुलगा देशाबाहेर पडला तर तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते आणि मग रक्कम लागू होते.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण आपल्याकडचे मुहूर्त नेमके याच महिन्यांत असतात. मार्चमध्ये लॉटरी लागते, एप्रिलमध्ये मुलगी पसंत पडते आणि ‘मे महिन्यात दहा दिवस येऊन जा, साखरपुडा तरी उरकू’ असा आग्रह सुरू होतो. मंगल कार्यालय ठरते. मुलाला नाही म्हणणे जड जाते. पण त्या दहा दिवसांपायी वर्षानुवर्षांची मेहनत धोक्यात येऊ शकते. आजी आजारी असली, भावाचे लग्न असले तरी तिकीट काढण्याआधी मुलाने वकिलाला विचारलेच पाहिजे आणि वकील नको म्हणाला तर घरच्यांनी मन मोठे करून ऐकले पाहिजे. १ ऑक्टोबर उलटेपर्यंत त्याने तिथेच थांबावे. कार्तिकात तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त पुन्हा सुरू होतातच.

ऑक्टोबरनंतर आला तरी परत जाताना पासपोर्टवर शिक्का लागतो, आणि तिथेही घाई नको. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा, २०५ डॉलर शुल्क भरायचे, एका दिवशी व्हिसा अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे आणि ठरलेल्या दिवशी मुलाखतीला जायचे. सांगली-मिरज, कराड, साताऱ्याहून मुंबईला नेणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची असली तरी सकाळच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच पोहोचून मुक्काम करणे बरे. पूर्वी कागद जमा करून मुलाखतीशिवाय काम भागत असे, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांची ती सोय बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातात. ती तपासणीसाठी खुली ठेवावी लागतात आणि गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे अर्जात द्यावी लागतात. हा बदल लागू झाला तेव्हा डिसेंबरातल्या असंख्य मुलाखती एकदम काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि सुट्टीला घरी आलेली मुले इथेच अडकून पडली. नोकरी तिकडे, घरभाडे तिकडे, माणूस इकडे. म्हणून पहिल्या शिक्क्यासाठी येणाऱ्याने परतीची तारीख मोकळी ठेवावी आणि गरज पडली तर इथून काम करता येईल का, हे कंपनीशी आधी बोलून घ्यावे.

मुलाखत सहसा काही मिनिटांची असते. कंपनी काय करते, तुम्ही काय करता, पगार किती, कुठे शिकलात. पाठ केलेली उत्तरे नकोत. आपले काम आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. काही वेळा अधिकारी पासपोर्ट ठेवून किंवा परत देऊन एक कागद हातात देतो, त्यावर २२१(जी) असे कलम असते. तो अंतिम नकार नसतो. आणखी कागद किंवा आणखी चौकशी हवी, एवढाच त्याचा अर्थ. चौकशीला आठवडाही लागतो, महिनेही लागतात.

शिक्का मिळाल्यावर नोकरीच्या तारखेच्या १० दिवस आधी अमेरिकेत शिरता येते. व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून एकूण सहा वर्षांचा. लॉटरी एकदाच लागावी लागते. एकदा जागा मोजली गेली की कंपनी बदलताना पुन्हा सोडतीत जावे लागत नाही. नोकरी गेली तर मात्र नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. बायकोला एच-फोरवर राहता येते, शिकता येते, नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच तिला कामाची परवानगी मागता येते आणि भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग प्रत्येक देशाला ठरवून दिलेल्या सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे दशकाहून लांब आहे. मुलगी स्वतः इंजिनिअर किंवा डॉक्टर असेल तर बोलणी करताना हे तिला स्पष्ट सांगायला हवे. मुलाच्या बायोडाट्यात ‘एच-वन-बी’ लिहायचे तर व्हिसा मंजूर झाल्यावर लिहावे. मुलीकडच्यांनीही निवड झाली आहे, अर्ज मंजूर आहे की शिक्का लागला आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

अमेरिकेखेरीज इतर सोडतींची चर्चाही आता आपल्याकडे होते. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना २०२३ मध्ये सुरू झाली. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी वर्षाला ३ हजार जागा, दोन वर्षे राहून काम करण्याची मुभा. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. निवड झाली की ९० दिवसांत अर्ज, शुल्क आणि बोटांचे ठसे हे सगळे पुरे करायचे. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस दिसले पाहिजेत आणि आरोग्यसेवेचे दोन वर्षांचे १,५५२ पौंड आधीच भरावे लागतात. बायको-मुलांना नेता येत नाही, मुदत वाढत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसासाठी भारतीयांना वर्षाला १ हजार जागा आहेत. तिथे सोडतीलाच २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात आणि निवड झाल्यावर अर्जाला अवघे २८ दिवस मिळतात. दोन्हीकडे निवड झाल्यावर पैसा आणि कागद तयार नसले तर संधी हातची जाते.

आणि एक लॉटरी अशी आहे जी आपल्याला लागूच शकत नाही. अमेरिका दरवर्षी सुमारे ५५ हजारांपर्यंत ग्रीन कार्डे थेट सोडतीने देत आली आहे, तिला डायव्हर्सिटी व्हिसा म्हणतात. ज्या देशांतून मागच्या पाच वर्षांत ५० हजारांहून जास्त लोक तिथे स्थायिक झाले, त्या देशांत जन्मलेल्यांना तिच्यात भाग घेता येत नाही. भारत त्या यादीत आहे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या पात्र देशात झालेला असेल, असे मोजके अपवाद सोडले तर इथे जन्मलेल्या माणसाला ही सोडत बंद आहे. त्यामुळे ‘अभिनंदन, तुम्हाला अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी लागली, प्रक्रिया शुल्क भरा’ असा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप निरोप आला तर तो खोटा धरून चाला. त्या पात्र देशांतल्या विजेत्यांनाही अमेरिकी सरकार मेल करून कळवत नाही. त्यांनी स्वतः सरकारी संकेतस्थळावर जाऊन निकाल पाहायचा असतो. असा निरोप आला तर पैसे पाठवू नका, पासपोर्टची प्रत पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होते.